मासळीच्या पेटीतला हिवाळा

ऐरोलीत पूर्वेकडच्या फ्लॅटला भाव जास्त. का, तर सकाळचं ऊन येतं. ते ऊन आधी कोणाच्या अंगणात पडत होतं, हे बिल्डरच्या ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. म्हणून मी सांगते. ते दमयंती कोळी नावाच्या बाईच्या मागच्या अंगणात पडायचं. तिथे तिचा सासरा जाळी सुकवायचा आणि सासू जवळा वाळत घालायची. मग पूर्वेला सात मजल्यांची सोसायटी उभी राहिली. पश्चिमेला गावातल्याच लोकांनी जुन्या घरांवर तीन-तीन मजले चढवले. मधे उरला दहा फूट रुंद, ऐंशी फूट लांब पट्टा. दुपारी बारा ते सव्वाबारा एवढं सोडलं तर तिथे ऊन म्हणून येत नाही. नकाशावर तो पट्टा सोसायटीचा नाही आणि गावठाणाचाही नाही, सरकारी आहे. पण दमयंतीच्या स्वयंपाकघराचं मागचं दार त्यातच उघडतं, आणि ते दार नकाशापेक्षा जुनं आहे.

मी तिला दमाआत्या म्हणते. नात्याची नाही. माझे वडील बाबासो साताऱ्याकडचे, एपीएमसीत माथाडी. मी बारावीनंतर कॉलेज पाहिलं नाही. कायदा शिकले तो माहितीच्या अधिकाराचे अर्ज करत, साहेबांच्या दारात तासन् तास बसून. फेरीवाल्यांच्या एका भांडणात आमची ओळख झाली. मी तावातावाने कलमं सांगत होते. ही बाई पाटी खाली ठेवून ऐकत उभी. संपल्यावर म्हणाली, "तू वकील हायस का?" मी म्हटलं, नाही. "मग बरा. वकील तारीख देतो."

तेव्हापासून तिच्या कागदांचं काम माझ्याकडे.

तीस वर्षं ती डोक्यावर पाटी घेऊन सेक्टर फिरते. नवरा खाडीवर जायचा, तो गेला त्यालाही बारा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन उरणला. त्या सात मजली सोसायटीचे अर्धे लोक तिचं गिऱ्हाईक. तरी सोसायटीने लिफ्टजवळ पाटी लावली होती: मासळीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये. ती वाचता येत नाही असं नाटक तिने केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मासळी घेऊन वर गेलीच नाही. गेटजवळच्या कठड्यावर पाटी मांडून बसली. ज्याला पापलेट पाहिजे तो खाली येईल. आठ दिवस कोणी आलं नाही. नवव्या दिवशी पाचव्या मजल्यावरची एक बाई गाऊनवर ओढणी घेऊन उतरली, मग सगळ्याच उतरायला लागल्या. लिफ्टजवळची ती पाटी अजून तिथेच आहे, आणि दमाआत्याने तेव्हापासून त्या लिफ्टचं बटण दाबलं नव्हतं.

आता बागेचं. लॉकडाऊनमध्ये मासळी बंद झाली आणि लोक फ्लॅट सोडून गावी निघाले. जाताना कुंड्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून गेले. हिने त्यातलं पहिलं झाड उचललं ते जेमतेम एक पान शिल्लक असलेलं, हिरव्यावर पांढरे शिंतोडे उडाल्यासारखं. नर्सरीवाले त्याला डिफेनबेकिया म्हणतात, ती म्हणते चुनापान. मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत माती भरून तिने ते मागच्या पट्ट्यात ठेवलं, आणि ते जगलं. मग पांढरा मनीप्लांट आला, रंगीत अळू आलं, सिंगोनियम आलं. तिची सगळीच्या सगळी झाडं लोकांनी टाकलेली. त्यात पानावर पांढरं असलेलीच तिने राखली, कारण अंधारात हिरवं पान दिसत नाही, पांढरं दिसतं. संध्याकाळी मागचं दार उघडलं की पट्टाभर कोणीतरी चुन्याचे हात उठवल्यासारखे वाटतात. वरच्या मजल्यांवरून लोक कंगवे, बुचं, केसांचे गुंते खाली टाकतात. त्यासाठी तिने सासऱ्याचं जुनं जाळं पेट्यांच्या वर ताणून बांधलं. बावीस वर्षांनी जाळी अंगणात परत आली. आता त्यात मासे नाहीत, सोसायटीचा कचरा सापडतो. दर रविवारी ती तो काढते आणि गेटजवळच्या कठड्यावर नीट मांडून ठेवते, ज्याचा त्याने ओळखून न्यावा म्हणून.

तर अशा बाईच्या पट्ट्यावर सोसायटीने पार्किंगचा अर्ज केला. बाइकी लावायला जागा पुरत नाही, मागे नुसता अंधार आणि डास, फरशी टाकून द्या. आम्हीही अर्ज केला, तो पट्टा बाग म्हणून दत्तक द्यावा असा. वॉर्डातल्या साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले आणि सरळ सांगितलं. मार्चअखेर पाहणीला येतो. सोसायटीने ना हरकत दिली तर बाग लावतो. नाही दिली, तर त्यांचा अर्ज आधीचा आहे.

म्हणजे सगळं एका सहीवर आलं. सही चेअरमनची. चेअरमन उदयसिंह जगदाळे, रिटायर्ड माणूस, पाचव्या मजल्यावर राहतो, आमच्याच साताऱ्याकडचा. मिशी कडक, शब्द कडक. त्याचा एक गुण मी आधीच कबूल केला पाहिजे. बोललेलं फिरवत नाही. बाकी गुण शोधावे लागतात.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. बोलावलं नव्हतं तरी मी दमाआत्याला घेऊन गेले. उदयसिंहांनी बसा म्हटलं, एवढं सौजन्य होतं. मग ते उभे राहिले आणि समजावून सांगू लागले, की बागेला ऊन लागतं, उन्हाशिवाय बाग म्हणजे उकिरडा, तिथे अळूशिवाय काही येत नाही. लोक हसले. दमाआत्या उठली. ती मीटिंगमध्ये एकदाच बोलली.

"ऊन तुमच्या बिल्डिंगनी घेतला. मी काय बोलली नाय. आता सावली पन पायजे तुमाला?"

हसणं थांबलं. तिथेच मीही थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण कोणीतरी मागून म्हणालं, मावशी, अळूवडी पाठवा. आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, अळू नाही, तिथे होस्टा येतो. थंड मुलखातलं झाड. पांढऱ्या काठाचं. तुमच्या उन्हातल्या गॅलऱ्यांत आणून दाखवा.

खोटं नव्हतं. उदयसिंहांची सून मैत्री आयटी पार्कमध्ये कामाला आहे. तिने मे महिन्यात फोटो बघून ऑनलाइन पाच होस्टाचे कंद मागवले होते. पान तळहाताएवढं, मधे हिरवं, काठाला पांढरी किनार, नऊवारीला असते तशी. तिच्या पूर्वेच्या गॅलरीत आठ दिवसांत पानांच्या कडा भाजल्या. सासऱ्याने टोमणे मारले, आणि कुंड्या कचऱ्याजवळ आल्या. तिथून दमाआत्याने उचलल्या. पावसाळाभर पट्ट्यातल्या सावलीत त्यांनी अशी पानं काढली, की मी स्वतः मोबाइलवर फोटो घेतला. नोव्हेंबरात मात्र पानं पिवळी पडून झोपली. दमाआत्याने माती उकरून कंद अंगठ्याने दाबून पाहिले, मासळी दाबून बघतात तसे. घट्ट होते. मेला नाय, झोपला हाय, म्हणाली. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

उदयसिंहांना सगळं ठाऊक होतं. ते हसले. म्हणाले, ते माझ्याच सुनेचे कंद. ते मेलेत. पण ठीक आहे. मार्चअखेर पाहणीच्या दिवशी त्या पट्ट्यात होस्टाचं पांढऱ्या काठाचं एक पान दाखवा, मी तिथल्या तिथे ना हरकत लिहून देतो. नाही दाखवलं तर फरशी, आणि परत अर्ज करायचा नाही.

"मिनिट्समध्ये लिहा," मी म्हटलं.

लिहिलं. मी वर सहीसुद्धा केली. जिंकल्यासारखी जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर मैत्रीने आम्हाला गाठलं. धावत आली होती. तिने जे सांगितलं त्याने माझे पाय थांबले. होस्टाला हिवाळा लागतो. खरा हिवाळा, फ्रिजच्या आतल्यासारखा, सलग दीड महिना तरी. तेवढी थंडी मिळाली नाही तर कंद पुन्हा जागा होत नाही, दोन वर्षांत कुजून जातो. म्हणून तो आपल्याकडे होत नाही. पप्पांना हे मीच सांगितलं होतं, ती म्हणाली.

ऐरोलीत डिसेंबरमध्ये लोक स्वेटर घालतात ते हौसेने.

मी दमाआत्याकडे बघायचं टाळलं. पैज माझ्या जिभेने लावली होती, पट्टा जाणार होता तिचा. ती मात्र मैत्रीला विचारत होती, किती थंडी, भिजलेली का सुकी, उजेड पायजे का नको. मैत्रीने आपल्या फ्रिजमध्ये ठेवते म्हणून सांगितलं. दमाआत्या म्हणाली, सासऱ्याच्या फ्रिजात ठेवून सासऱ्याशी पैज मारायची, ते नको. तिचा स्वतःचा फ्रिज पावसाळ्यात पाणी शिरून बंद पडलेला, त्यात ती कागदपत्रं ठेवते. माझ्या भाड्याच्या खोलीत फ्रिजच नाही. मी म्हटलं, कोणाला तरी विचारते. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजवर तिच्याबरोबर राहून काहीच शिकले नव्हते.

"तीस वरसं मी मे महिन्यान मासली ताजी ठेवते, बाय. ती काय फ्रिजात?"

दुसऱ्या दिवशी तिने पाचही कंद काढले आणि बर्फात घातले. कसे घातले? आयुष्यभर जसं घातलं तसे. खाली बर्फाचा चुरा, वर कंद, वर चुरा, वर कंद, शेवटी ओलं गोणपाट. पापलेटचा थर लावतात तसा थर. पेटीच्या तळाला पाणी जायला भोक असतं. ते घरात पाणी नको म्हणून चिंधी कोंबून बंद. आणि महिना मार्गशीर्ष. गुरुवारी ती लक्ष्मीचा घट मांडते. त्या दिवशी मासळी नाही, मासळीची पेटीसुद्धा शिवायची नाही. बुधवारी भरलेला बर्फ शुक्रवारी दुपारी बदलायचा. मधल्या वेळात तो वितळून कंद मासळीच्या वासाच्या खारट पाण्यात बुडून राहायचे. असे दोन गुरुवार गेले.

दुसऱ्या शुक्रवारी मी गेले तेव्हा ती मागच्या दारात बसली होती. समोर ताटात पाच कंद. तीन तिने दाबून दाखवले. आतून लगदा बाहेर आला. वास असा, की मांजरसुद्धा लांबून बघत होतं.

मी ओरडले. आता लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. म्हटलं, झाड म्हणजे काय सुरमई आहे का, एवढी अक्कल नको, आता एक पान कुठून आणायचं. ती ऐकून घेत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली,

"जीभ तू लावलीस. बरफ मी लावला. दोघींचा पन चुकला. आता दोन हायत, ते बघू."

दोन होते. दाबल्यावर घट्ट. तिने ते नळाच्या पाण्याने धुतले, दोन दिवस सुकवले, थोडी राख लावली. नारळाच्या कोरड्या काथ्यात गुंडाळून लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत घातले आणि झाकणाला सुईने भोकं पाडली. बरणी पेटीच्या मधे वीट ठेवून तिच्यावर, बर्फ सगळीकडून, तळाचं भोक उघडं, पेटी घराबाहेर पट्ट्यातच. पाणी वाहून जातं, कंदाला थेंब लागत नाही, थंडी तेवढी लागते. हे तिला कोणी शिकवलं नाही. तीन कंद सडले, त्यांनी शिकवलं.

राहिला गुरुवार. मी म्हटलं, एक दिवस व्रत बाजूला ठेव, देवी समजून घेईल. तिला ते अजिबात पटलं नाही. देवीला मधे घालून आपली सोय बघायची हा धंदा ती करत नाही. बुधवारी संध्याकाळी ती बाजारात गेली आणि कोरी पेटी घेऊन आली, जिच्यात आजवर एकही मासा पडलेला नाही. कंदाची बरणी त्यात हलवली. मासळीची पेटी गुरुवारी शिवायची नाही, बरोबर. ही पेटी मासळीची नाही, झाडाची आहे. व्रत जागच्या जागी, हिवाळा जागच्या जागी. माझ्यासारखी कायद्याचा कीस काढणारी बाईसुद्धा थक्क झाली.

पण बर्फ तरी मासळीवाल्यांकडूनच येणार. तिसऱ्या गुरुवारी पहाटे ती न्हाऊन, हळदीकुंकू लावून, हातात स्टीलची कळशी घेऊन जेट्टीवर गेली. देवजी तिथे बर्फाची लादी फोडतो. त्याने तिला पाहिलं आणि हातातला लाकडी ठोकळा खाली ठेवला. सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

"दमे, आज तुजी लक्ष्मी उपाशी, आन तू मासलीला बरफ घेतंस?"

"मासलीला नाय. झाडाला."

"झाडाला बरफ?"

"तेला हिथं थंडी मिलत नाय, म्हनून पाजते. तू गाडीवरची कोरी लादी फोड, मासलीला लागलेली नको. आन हसू नको, तुजी बायको पन उन्हाल्यान डोक्याला बरफ लावते."

जेट्टी हसली. पण पुढच्या गुरुवारपासून देवजीने तिच्यासाठी गाडीवरचा पहिला तुकडा वेगळा काढून ठेवायला सुरुवात केली. मार्गशीर्ष संपला, पौष आला. मंगळवार, बुधवार, कुठलाही वार असो, ती सकाळी मासळी विकायच्या आधी पेटीचा बर्फ बदलायची. मैत्री ऑफिसला जाताना कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावायची. तिने स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणून दिला. काटा तीन ते पाचच्या मधे. म्हणाली, आत्या, सिमला झालाय. सोसायटीत बातमी गेलीच. गेटवर मासळी घेताना बायका विचारू लागल्या, तुमचं झाड उठलं का. उदयसिंहही एकदा भिंतीजवळ येऊन उभे राहिले. पेटीकडे बघून म्हणाले, मेलेल्याला बर्फातच ठेवतात. दमाआत्या बरणीचं झाकण पुसत राहिली.

जानेवारी संपता संपता, सात आठवडे भरल्यावर, तिने बरणी उघडली. दोन्ही घट्ट. पट्ट्याच्या उत्तरेच्या टोकाला, जिथे सगळ्यात जास्त सावली, तिथे दोन पेट्यांत लावले. मग काही नाही. पहिला आठवडा काही नाही. दुसरा काही नाही. मी रोज सकाळी जायचे आणि माती न्याहाळायचे. मला माती न्याहाळायची सवय नाही, मला फाइली न्याहाळायची सवय. फेब्रुवारी संपत आला तेव्हा एका पेटीत जांभळट टोक दिसलं, पेन्सिलीच्या टोकाएवढं. दुसरीत काहीच नाही.

त्या एका कंदातून दोन कोंब निघाले. माझा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार दिवस राहिला नाही. पहिला कोंब जोरात वाढला, जाड, रुंद, रोज बोटभर. त्याचं पान उलगडलं. पूर्ण हिरवं. काठाला पांढऱ्याचा मागमूस नाही. दुसरं पान, तेही हिरवं. आणि शेजारचा कोंब काडीएवढा, वळलेला, उघडायचं नाव नाही. पाहणीला अकरा दिवस होते.

दमाआत्या आतून मासळीची सुरी घेऊन आली.

मी तिचा हात धरला. खरंच धरला. म्हटलं, थांब, हिरवं असलं तरी होस्टा आहे, साहेबाला झाड दिसेल, त्याला काठाशी काय देणंघेणं, मी भांडेन, मिनिट्सचा अर्थ मी लावीन, तो काडीचा कोंब मेला तर आपल्याकडे काहीच उरणार नाही.

ती म्हणाली, अर्थ लावायचा असेल तर तू लाव. शब्द पांढऱ्या काठाचा दिला होता. आणि मग तिने मला तिच्या चुनापानाचं सांगितलं. त्यालाही एकदा असाच निव्वळ हिरवा फुटवा आला होता. तिला आनंद झाला, केवढा जोमाचा म्हणून. सहा महिन्यांत त्याने पांढऱ्या पानांचं सगळं अन्न खाल्लं आणि पूर्ण झाड हिरवं होऊन गेलं. पांढऱ्यात जोर कमी असतो, त्याच्या पानात अन्न कमी शिजतं. शेजारी हिरवा ठेवला तर तो त्याला जगू देत नाही. पांढरं पाहिजे असेल तर हिरवा मुळापासून काढावा लागतो, आणि तो लहान असतानाच काढावा लागतो.

"माजा हात सोड, बाय."

मी सोडला. तिने मातीत दोन बोटं घालून कोंब कंदाला जिथे चिकटतो तिथपर्यंत जाऊन सुरी फिरवली. एका झटक्यात. दोन मोठी हिरवी पानं हातात आली. पेटीत एक काडी उरली. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. ती मात्र जेवली असणार.

पाहणीच्या दिवशी साहेब सकाळी अकराला आले. बरोबर एक कारकून, हातात फाइल. उदयसिंह कमिटीच्या चार माणसांना घेऊन खाली उतरले, इस्त्रीचा शर्ट. गेटवर मासळीला आलेल्या बायाही मागोमाग पट्ट्यात शिरल्या. हातात पिशव्या, पिशव्यांत बांगडे. त्यातल्या बऱ्याच जणींनी तो पट्टा आतून कधी पाहिला नव्हता. जाळ्याखालून वाकून जात होत्या. अंधारात दोन्ही बाजूंनी पांढरी पानं. एक बाई म्हणाली, अय्या, ही तर माझी कुंडी, मी टाकली होती. दमाआत्याने तिला सांगितलं, परत मागू नको.

उत्तरेच्या टोकाला पोचलो. पेटीत काडी उघडली होती. तीन पानं. सगळ्यात मोठं माझ्या तळहाताच्या अर्ध्याएवढं. मधे हिरवं, काठाला पांढरी किनार. बारीक, पण पूर्ण, कुठेही न तुटलेली.

उदयसिंहांनी चष्मा घातला, वाकले, मग गुडघ्यावर बसले. त्यांच्या वयाला ते सोपं नव्हतं. पान उलटं करून पाहिलं. मग उठून म्हणाले की हे नर्सरीतून आणून लावलं नाही कशावरून. इथे मी तोंड उघडलंच होतं. सांगते, त्या दिवशी माझ्या तोंडात काय काय होतं ते छापण्यासारखं नाही. पण माझ्या आधी मैत्री बोलली.

"पप्पा, मुंबईत कुठल्याच नर्सरीत हे मिळत नाही. म्हणूनच मी ऑनलाइन मागवलं होतं. आणि बर्फाचे सात आठवडे मी रोज भिंतीवरून बघितलेत. तुम्हीही बघितलेत."

मग दमाआत्याने काथ्यात गुंडाळलेला कंदाचा सडका तुकडा पुढे केला. तिने तो ठेवला होता, माझ्या नकळत. म्हणाली, तीन मेले ते मी मारले, लपवत नाय. चौथा झोपला हाय. पाचवा हा.

उदयसिंहांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. मला वाटतं, पानाने नाही, त्या तुकड्याने त्यांना पटलं. आपली चूक कोणी स्वतःहून हातावर ठेवून दाखवेल याची त्यांना सवय नव्हती. मलाही नाही. त्यांनी कारकुनाचं पेन मागितलं, फाइल माझ्या पाठीवर ठेवली, हो, माझ्याच पाठीवर, कारण तिथे टेबल नव्हतं, आणि ना हरकत लिहून दिली. साहेबांनी खाली बाग असा शेरा मारला. सहा महिन्यांनी परत बघू, असं पुढे जोडलं. साहेब लोकांना सरळ पूर्णविराम देता येत नाही. बघा सहा महिन्यांनी, आम्ही इथेच आहोत.

लोक पांगले. उदयसिंह मागे राहिले. जाळ्यातून वर बघितलं, आपल्याच पाचव्या मजल्याकडे. जाळ्यात एक निळा कंगवा अडकला होता. मग त्यांनी दमाआत्याला विचारलं, हे डिसेंबरात परत झोपणार ना.

"झोपल," ती म्हणाली. "देवजीकडं बरफ हाय."

ते थोडे घुटमळले. म्हणाले, आमच्या मजल्यावर लिफ्टसमोरचा पॅसेज आहे, कायम अंधार असतो. तिथे असलं पांढरं काहीतरी येईल का. मावशी, एखादं देता का.

"देते की," दमाआत्या म्हणाली. "पन कुंडी जड हाय. लिफ्टनी आनीन."

ते वळून निघाले. शब्द फिरवत नाहीत, पण लिफ्टचा शब्द त्यांनी दिलेलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवर होते, मुद्दाम. दमाआत्या आली. डाव्या कमरेवर चुनापानाची कुंडी, डोक्यावर मासळीची पाटी. वर पाचव्यावर गिऱ्हाईक थांबलं होतं, आणि पाटी खाली ठेवायला तिला कोणी सांगितलंही नव्हतं. लिफ्टजवळच्या त्या पाटीसमोर ती उभी राहिली. मासळीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये. पूर्ण वाचली, सावकाश. मग हात मोकळा नव्हता म्हणून मला म्हणाली,

"बाय, पाचचा बटन दाब."